तसा चांगला

एका माणसाला राहायला खोली मिळत होती, ती माझ्यामुळे गेली. आधी हा दोष मी एका विधवा बाईच्या माथी मारला, मग सगळ्या पेठेच्या, आणि शेवटी त्या माणसाच्या नशिबाच्या. खरे तर दोष माझा होता, आणि तो एका शब्दाएवढा होता. आज माझे वय पन्नाशीकडे झुकले आहे. तरी कोणी माझ्यासमोर कोणाबद्दल "तसा बरा आहे" म्हणाले की मला बसल्या जागी चैन पडत नाही. मी उठतो, उगाच दारापर्यंत जाऊन येतो.

कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतली ही हकीकत आहे. काही जातींच्या लोकांना रोज चावडीवर जाऊन द्यावी लागणारी हजेरी तेव्हा नुकतीच बंद झाली होती, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाला उभे राहायला जागा द्यावी असे बोलणे निदान कानांवर तरी पडू लागले होते. शिवाजी पेठेतून रंकाळ्याकडे जाताना एक जुनी, दहा खणांची पागा रिकामी पडली होती. पेठेतल्या चार भल्या माणसांनी ती मागून घेतली, शेणाने सारवली, आणि सुटून आलेल्या माणसांना सहा महिने राहायला दिली. अटी दोनच होत्या: दारू प्यायची नाही आणि काम शोधायचे. मी आधी तुरुंगात कारकून होतो. मला त्या माणसांची सवय आहे म्हणून पागेची देखरेख माझ्याकडे आली.

भिंतींत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या. माणसे त्यांना धोतरे वाळत घालीत. पेठेतले लोक जाता येता विचारीत, "काय रावसाब, आज किती घोडी बांधलीसा?" आतून कोणीतरी ओरडे, "नऊ! एक खण तुमच्यासाठी मोकळा ठेवलाय, या की!" ही थट्टा दोन्हीकडून चाले. तिच्यात विष नव्हते. विष असायचे ते खोली मागायला गेल्यावर.

काम मिळायचे. गूळ करायच्या दिवसांत गुऱ्हाळांवर, एरवी गिरणीत, रस्त्यांवर. राहायला जागा मिळत नसे. घरमालक आधी पागेत येऊन मला विचारायचा, "माणूस कसा आहे?" मी जे सांगेन त्यावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य ठरायचे. माझे खरे काम हेच होते. बाकी पीठमीठ कोणीही मोजून दिले असते.

सुरुवातीला मी मोकळेपणाने सांगत असे. एकदा एका टांगेवाल्याने पागेतल्या एका माणसाबद्दल विचारले, तेव्हा मी म्हणालो, "सोन्यासारखा माणूस आहे, डोळे मिटून ठेवा." चौथ्या दिवशी तो माणूस घोड्याचा सगळा साज आणि पितळी घुंगरांची माळ घेऊन नाहीसा झाला. टांगेवाला पागेच्या दारात उभा राहून सगळी पेठ गोळा होईल एवढ्या आवाजात ओरडला, "ओ रावसाब, तुमचं सोनं पळालं की!"

पुढे वर्षभर मला रस्त्यात कोणी ना कोणी विचारी, "घावलं का सोनं?" पागेच्या मंडळीत एक वकील होते. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, "शब्द जपून वापरत जा." मी मान हलवली. शब्द जपून वापरायचे म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. माझ्या जिभेने ते परस्पर ठरवून टाकले. मला त्याचा पत्ताही लागला नाही.

नालबंद त्यानंतर आला. चाळिशीचा मुसलमान गडी, हात मनगटापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले. त्याच्या घरात आजापणजापासून घोड्यांना आणि बैलांना नाल ठोकायचे काम होते. त्याने चोरीच्या बैलांच्या जोडीला नाल मारून दिले होते, वर त्यांची शिंगे तासून रूप बदलून दिले होते. तीन वर्षे भोगून तो सुटला होता. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखे विचारले, "बैल चोरीचे आहेत हे तुला ठाऊक होतं?" येणारा जवळपास प्रत्येक जण इथे नाही म्हणायचा.

तो म्हणाला, "ठावं हुतं की रावसाब. बैल नवख्या मानसाच्या हातात कसं हुभं ऱ्हातंय, ते मला कळत न्हाई व्हय? पोटासाठनं केलं. चूक हाय ती हाय."

मी त्याला अरे-तुरे करत असे. पागेत सगळ्यांनाच करत असे. वयाने मोठ्यांनाही.

टांग्यांच्या अड्ड्यावर त्याला काम मिळाले. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन तो त्याच्याशी हळू आवाजात बोलत राही, "हं, बाळा, झालं, झालं, येवडंच," आणि खूर तासून नाल बसवी. तोच टांगेवाला, ज्याचा साज गेला होता, आपला घोडा मुद्दाम त्याच्याकडे आणू लागला. हे मला दिसत होते. मी रोज बघत होतो.

नालबंदाचा जीव मात्र अड्ड्यावर नव्हता, गडहिंग्लजला होता. तो तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या बायकोला तिच्या भावाने गडहिंग्लजला नेले होते. भाऊ बागवान होता, बाजारात केळी आणि पेरू विकणारा. त्याने निरोप पाठवला होता: बहीण पागेत राहायला येणार नाही. आतून कडी लागेल असे एक दार दाखव, मग घेऊन जा. भुईमुगाच्या शेंगा काढून होईपर्यंत वाट बघतो. नाही जमले तर फारकत दे, मी तिचे दुसरे बघतो.

"चुकीचं काय बोलतोय त्यो?" नालबंद मला म्हणाला. "धा गड्यांत बाईमानसानं कसं ऱ्हायाचं? एक खोली, रावसाब. चार हात असली तरी चालंल. निस्तं दार पायजे."

खोली त्याने स्वतःच शोधली. अड्ड्याजवळच्या बोळात एक विधवा बाई राहत होती. तिला सगळे आक्का म्हणत. मुलगा प्लेगात गेलेला, घरात ती आणि एक म्हैस. मागची खोली रिकामी होती. म्हशीचा खूर चिरला होता, तो नालबंदाने तासून नीट करून दिला होता, आणि त्या ओळखीवर खोलीचे बोलणे निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वतः पागेच्या दाराशी आली.

"ओ रावसाब, जरा बाहीर या की."

मी बाहेर आलो.

"तुमचा त्यो नालबंद. माझी मागची खोली बगून गेलाय. बायकू आननार म्हनतोय. मानूस कसा हाय?"

"तसा चांगला आहे," मी म्हणालो.

"तसा, व्हय?"

"हो. कामाला तर फारच चांगला."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटले, तिला भाड्याचे वगैरे काही विचारायचे असेल. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि गेली. मी आत आलो. आपण एका माणसाबद्दल चांगले बोललो, असे मला वाटत होते. त्या दिवशी मी समाधानाने जेवलो, हेही मला सांगितले पाहिजे.

संध्याकाळी नालबंद अड्ड्यावरून आला तो थेट माझ्यापुढे उभा राहिला.

"आक्का न्हाई म्हनाली, रावसाब."

"का?"

"का ते सांगंना. म्हनली, जमनार न्हाई, बाबा. काल तर खोलीला चुना कवा लावूया म्हनत हुती." मग म्हणाला, "तुमास्नी इचारायला आलती नव्हं? काय सांगितलासा?"

"चांगलंच सांगितलं. आणखी काय सांगणार?"

त्याने लगेच मान हलवली. त्याचा माझ्यावर इतका विश्वास होता की पुढे एक प्रश्नसुद्धा त्याने विचारला नाही. "मग तिच्याच मनात आलं आसंल. चोराला कोन घरात घेतंय. आनि त्यात आमी मुसलमान. जाऊ द्या. त्या बोळातनं मी आता जानार न्हाई. अड्ड्याला लांबनं जाईन."

दुसऱ्या दिवसापासून तो खरेच तळ्याकडून वळसा घालून कामाला जाऊ लागला. मी आक्काला मनातल्या मनात शिव्या घातल्या. वकिलांपुढे तर बोललोच, की लोकांची तोंडे एक आणि मने एक. वकील म्हणाले, "वेळ लागेल." मी नालबंदासाठी इतर ठिकाणी फिरलो. आणखी चार घरमालक येऊन विचारून गेले, आणि चौघांनीही नाही म्हटले. चौघांना मी काय सांगितले हे आता मला चांगले ठाऊक आहे.

तिकडे शेंगांचे वेल उपटायला सुरुवात झाली. बाजारात ओल्या शेंगांची पोती दिसू लागली. नालबंद बाजारातून येताना पोत्यांकडे बघत नसे. जेवताना कोणी भाजलेल्या शेंगा पुढे केल्या तर तो उठून जाई. इतरांना आधी कळले नाही. कळल्यावर पागेत कोणी शेंगा आणीनासे झाले. कारण कोणीच बोलून दाखवले नाही.

एके दुपारी मी घरी जेवत होतो. बायकोने विचारले, "आमटी कशी झालीय?"

"तशी चांगली झाली आहे."

तिने पळी भांड्यात टाकली. "तशी म्हणजे? मीठ कमी की आंबट कमी, काय ते सरळ सांगा ना."

"अगं, चांगली झालीय म्हटलं."

"चांगली नाही म्हटलंत. तशी चांगली म्हटलंत. चांगली असती तर चांगली म्हणाला असतात. गेल्या वैशाखात माझ्या भावासाठी मुलगी बघून आलात, तेव्हाही सगळ्यांच्या देखत 'तशी बरी आहे' म्हणालात. ते कुणीतरी तिच्या कानांवर घातलं. तीच आता माझी वहिनी झालीय, अजून माझ्याशी धड बोलत नाही."

"मी असं नेहमी म्हणतो?"

"पूर्वी नव्हता म्हणत. ते तुमचं सोनं पळालं ना, तेव्हापासून लागलंय."

माझा घास हातातच राहिला. आक्काचा आवाज मला नीट आठवला. "तसा, व्हय?" ती उभी होती ती भाड्यासाठी नव्हे. 'तसा चांगला' म्हटल्यावर पुढे 'पण' येतो, त्या 'पण'ची ती वाट बघत होती. मी तो बोललो नाही, म्हणून तिने तो स्वतः पुरा केला. कसा पुरा केला असेल? चोरी करतो? बायकोला मारतो? रात्रीबेरात्री येतो? मी एक मोकळी जागा सोडून दिली होती, आणि तिच्यात काहीही मावले असते.

मला एक सबब सुचली. शब्द चुकून गेला, सवयीने गेला. ती फार वेळ टिकली नाही. तो शब्द मी स्वतःसाठी ठेवला होता. उद्या हाही पळाला तर कोणी पेठेत ओरडू नये, आणि ओरडलेच तर "मी तसा म्हटलं होतं" असे म्हणता यावे, म्हणून. एकदा माझी फजिती झाली होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून मी एका माणसाचे दार बंद करून टाकले होते.

इतके कळल्यावर मी त्याच पावली पागेत जाऊन त्याला सांगायला हवे होते. मी गेलो नाही. ही दुसरी चूक, आणि हिला सवयीची सबबही नाही. मी चार दिवस नुसता फिरत राहिलो. तीनदा आक्काच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदा तर तिने मला पाहिले, तेव्हा मी चप्पल तुटल्याचे सोंग करून खाली वाकलो. पागेत नालबंद समोर आला की मी वहीत डोके घालीत असे. तो मला विचारी, "बरं वाटत न्हाई व्हय, रावसाब?" मला बसवत नव्हते, उभे राहवत नव्हते. घरी बायको म्हणाली, "घर झिजवू नका, कुठे जायचं तिथे जाऊन या."

पाचव्या दिवशी सकाळी मी आक्काच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती म्हशीला वैरण टाकत होती.

"आक्का, मी त्या दिवशी तसा चांगला म्हणालो..."

"व्हय. मग?" ती न वळता म्हणाली. "'तसा' म्हटल्यावर मागं काय उरतंय? मी तुमास्नी का इचारायला आलते? मला त्यो आवडला हुता. माजी म्हस कुनाला पायाला हात लावू देत न्हाई, त्येला दिला. मला तुमच्या तोंडातनं निस्तं 'चांगला हाय' येवडं ऐकायचं हुतं. ते तुमच्यानं झालं न्हाई. तुरुंगातला कारकून 'तसा' म्हनतोय, म्हंजे कायतरी आसंल, आसं वाटलं. एकल्या बाईनं काय करायचं?"

"काही नाही आक्का. काहीसुद्धा नाही. मीच घाबरलो होतो."

आता तिने वळून पाहिले. खोली तिने एका शिंप्याला दिली होती, त्याचे यंत्रही येऊन पडले होते. माझा चेहरा उतरलेला बघून ती म्हणाली, "गोठ्याकडंची पडवी हाय. तीन बाजूंनी भिंती हायत. दार न्हाई."

"दार मी बसवून देतो. आतून कडी लागेल असं."

"बसवा. पर आदी त्येला जाऊन खरं सांगा. त्यो माजा बोळ सोडून लांबनं जातोय, मला दिसतंय. मी त्येला चोर म्हटलं, मुसलमान म्हनून नको म्हटलं, आसं त्येच्या मनात ऱ्हायलं तर त्यो माज्या पडवीत पाय ठेवंल व्हय? आनि मी तरी कशाला ऐकून घिऊ, मी न केलेल्याचं?"

मी जवळजवळ धावतच पागेत आलो. त्याच्या खणात पथारी गुंडाळलेली होती, हातोडा आणि सांडशी नव्हती. शेजारच्या खणातला गडी म्हणाला, "पहाटंच्या गाडीनं गडहिंग्लजला गेला. फारकत द्यायला. शेंगा झाल्या की, रावसाब."

मीही निघालो. निपाणीकडे जाणारी एक मालाची बैलगाडी मिळाली, तिथून दुसरी. गाडीवान सारखे विचारत होता, "पावणं, खाली का उतरताय? बसा की निवांत." माझ्याने गाडीत बसवत नव्हते. चढावर उतरायचो, उतारावरही उतरायचो. दोन्ही बाजूंच्या शेतांत बायका उपटलेल्या वेलांच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. आणखी किती शेत राहिले आहे, एवढेच मी बघत होतो.

गडहिंग्लजला पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. बागवानाचे दुकान बाजारात सहज सापडले. दुकानाला लागूनच घर होते. पुढे केळीचे घड टांगलेले, आणि त्यांच्याखाली रिकाम्या पोत्यावर नालबंद बसला होता. त्याचा मेहुणा पेरू लावत होता. आतल्या दाराला पडदा होता, आणि पडद्याखाली कोणाचे तरी पाय दिसत होते. बांगड्यांचा हलका आवाज आला. दुपारची नमाज झाली की जमातीतली दोन वडील माणसे यायची होती, आणि त्यांच्यासमोर सगळे उरकायचे होते.

नालबंद मला बघून दचकून उठला. "रावसाब, तुमी? कोन पळालं?"

मेहुण्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "कोन हे पावणं?"

"मी कोल्हापूरच्या पागेतला कारकून. हे जिथं राहतात तिथला."

"जेलातलं व्हय?"

"जेलातून सुटल्यावर राहायची जागा आहे ती."

"बरं झालं आलासा." त्याने हातातला पेरू खाली ठेवला. "आता लोक येतील. त्येच्या आदी तुमीच सांगा बगू. तुमी रोज बगताय ह्येला. मानूस कसा हाय?"

तोच प्रश्न. तेच शब्द. माझी जीभ सवयीने टाळूला लागली. ती कुठला शब्द काढायला निघाली आहे, हे मला स्पष्ट कळले. मी तोंड मिटले आणि पुन्हा उघडले.

"चांगला आहे," मी म्हणालो.

मेहुणा पुढच्याची वाट बघत राहिला. पडद्याखालचे पाय हलले नाहीत. पुढे काही नव्हते. मी बागवानाला पडवीचे सांगितले, दाराचे सांगितले, त्या दाराला आतून कडी लागेल हेही सांगितले. मग मी नालबंदाकडे वळलो. इतक्या महिन्यांत मी त्याला कधी अहो म्हटले नव्हते.

"आक्कानं तुम्हांला चोर म्हणून की मुसलमान म्हणून नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो. "तिनं मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, तसा चांगला आहे. तुमच्यात काही खोट होती म्हणून नव्हे. एकदा माझी फजिती झाली होती, ती पुन्हा होईल म्हणून मी भ्यालो. मग तुम्ही विचारलंत, तर मी चांगलंच सांगितलं म्हणालो. पुढच्या चौघांपाशीही माझ्या तोंडी तोच शब्द होता. आणि हे कळल्यावर चार दिवस मी तुमच्यापासून तोंड लपवलं. तुमची खोली मी घालवली. चूक माझी आहे, सगळी माझी आहे. मला माफ करा."